मशीन बंद करायचं नाही

“जपून या मॅडम, खाली तेल हाय,” आप्पा म्हणाले.

जन्मदाता बाप मला मॅडम म्हणत होता आणि मी मुकाट्यानं “हो मामा” म्हणत त्यांच्या मागून चालले होते. मगदूमांच्या वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे सुतारमामाच म्हणायचे. धाकटे मालक अभिनंदन मगदूम दारातच उभे होते, म्हणून हे नाटक. लग्नानंतर मी उज्ज्वला सुतारची उज्ज्वला मेस्त्री झाले होते आणि इचलकरंजीला राहत होते. अभिनंदन पुण्याचं शिक्षण आटोपून वर्षभरापूर्वीच कोल्हापुरात परतलेला. सुतारमामांची थोरली मुलगी ती मीच, हे त्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

सोमवार होता, म्हणजे उद्यमनगरच्या सगळ्या कारखान्यांची सुट्टी. एरवी जिथं शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, तिथं त्या सकाळी चिटपाखरू नव्हतं. मागच्या भिंतीजवळचं जुनं जपानी सीएनसी लेथ तेवढं चालू होतं. काम काही करत नव्हतं, नुसता त्याच्या कपाटातला पंखा घुंई घुंई करत होता. हिरव्या पडद्याच्या तळाला बॅटरी संपल्याचा इशारा उघडझाप करत होता. मशीनच्या मेन स्विचला आप्पांनी लाल चिंधी बांधली होती आणि वर खडूनं लिहिलं होतं : मशीन बंद करायचं नाही.

“मॅडम, दहाला लाईट जाणार,” अभिनंदन म्हणाला. “ट्रान्सफॉर्मरचं काम आहे. संध्याकाळपर्यंत येत नाही. जे काय करायचं ते त्याच्या आत झालं पाहिजे.”

“दहा म्हणजे दहाच ना?”

“वायरमन आहे तो. त्याचे दहा कधी वाजतात ते त्याच्या बायकोला तरी कळतंय का बघा.”

ज्यांनी असली मशीनं पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. सीएनसी मशीनला प्रत्येक नगासाठी एक प्रोग्राम लागतो. हत्यार कुठून कुठं जायचं, किती वेगानं फिरायचं, किती कापायचं, सगळं ओळीनं लिहिलेलं. जुन्या मशीनमध्ये हे प्रोग्राम मेमरीत राहतात, आणि मशीन बंद असताना ती मेमरी जिवंत ठेवतात ते साधे सेल. शनिवारी संध्याकाळी ध्यानात आलं की सेलच्या डब्यातून पाणी गळून खालच्या कार्डावरची तारच त्यानं खाल्ली आहे. मशीन चालू ठेवून तिथं सोल्डरिंग करायला कुणी धजावेना आणि बंद करायची सोय नव्हती. बंद केलं की मेमरी कोरी. नवीन कार्ड बंगळूरहून यायचं होतं, त्याला पंधरवडा लागणार होता. तोवर एकच उपाय : मशीनला कॉम्प्युटर जोडायचा आणि लाईट जायच्या आत सगळे प्रोग्राम त्यात ओढून घ्यायचे.

आणि ते प्रोग्राम म्हणजे आप्पांची अकरा वर्षं होती. पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्ह, पुल्या, एकेका नगाचा प्रोग्राम त्यांनी बोटानं बटणं दाबून आत घातलेला. सुरुवातीचे कागद केव्हाच तेलापाण्यात भिजून गेले होते, आणि नंतर मशीनवरच केलेल्या दुरुस्त्या कागदावर कुणी उतरवत नसतं. त्या वर्कशॉपचं सगळं पोट त्या एका हिरव्या पडद्याआड होतं.

मला बोलावणं आलं ते आदल्या दिवशी, रविवारी. जुन्या मशीनला कॉम्प्युटर जोडून देण्याचं काम तेव्हा आमच्या भागात करणारे आम्ही दोघेतिघेच, त्यात बाई मी एकटी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर तसं माझं सगळं दुकान एका पिशवीत मावायचं : सेकंडहँड लॅपटॉप, चार तऱ्हेच्या केबली, मल्टीमीटर. अभिनंदननं फोनवर काम समजावून सांगितलं आणि शेवटी मोकळेपणानं, ओळखीच्या माणसाला सांगावं तसं म्हणाला, “खरं सांगू का मॅडम, एकदा हे सगळं कॉम्प्युटरमध्ये आलं की त्या म्हाताऱ्याची गरज नाही. आयटीआयचा पोरगा ठेवला तरी चालतंय. वडील होते तोवर सांभाळून घेतलं.”

मी “येते” म्हणून फोन ठेवला. मग घरी फोन केला तर आई म्हणाली, “ते शनिवारपासनं तिकडंच हायत. मशीनीजवळ खुर्ची टाकून बसल्यात. चुकून कोन बटण दाबंल म्हणून. भाकरी पन तिकडंच धाडली.” ज्यांना काढून टाकायचं ठरलंय ते मशीनची राखण करत बसलेत. आईला मी काही सांगितलं नाही.

पण मनाशी मी एक ठरवलं होतं. काही करायचंच नाही. पिशवी घेऊन जायचं, केबल काढायची, इकडचं तिकडं करायचं आणि दहा वाजू द्यायचे. लाईट गेली की मेमरी कोरी. मग ते प्रोग्राम परत लिहिणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच उरणार होता. अभिनंदनला त्याच म्हाताऱ्याच्या पाया पडत यावं लागणार होतं. माझं नाव खराब झालं तर झालं. “ऐनवेळी केबल चालली नाही,” एवढंच तर म्हणायचं होतं.

म्हणून त्या सकाळी मी मोठ्या सावकाशीनं कामाला लागले. लॅपटॉप उघडला. मल्टीमीटर काढला. नको तिथं टोचून आकडे बघितले. अभिनंदन घड्याळाकडे बघत येरझारा घालत होता. आप्पा शेजारी उभे राहून माझ्या प्रत्येक हालचालीकडं टक लावून बघत होते.

“सॉकेट कुठंय मामा?” मी विचारलं.

“हे काय, ह्या झाकणाआड.”

पॅनेलच्या कुशीला हातभर उंचीवर एक छोटं झाकण होतं. मी ते उघडलं आणि मला हसावं की रडावं कळेना. पंचवीस भोकांच्या त्या सॉकेटवर हळदीकुंकवाचा जाड थर बसला होता. वर तेलाचे ओघळ, मधे अक्षतांचे दोन दाणे.

“हे काय?”

आप्पा खाली बघायला लागले. अभिनंदननं मान आत घातली आणि कपाळाला हात लावला. “आमच्या वडिलांचं काम हे! खंडेनवमीला मशीनची पूजा करायचे. कुंकू लावायला सपाट जागा म्हणून हेच झाकण उघडायचे. ह्याच्यात काय जोडायचं असतंय हे कुणाला माहीत होतं?”

आतली जागा होतीही देवळीसारखी. दर दसऱ्याला तिथं हळद, कुंकू, अक्षता, वर नारळाचं पाणी. मालकाची भक्ती मशीनच्या घशात उतरली होती.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. देवानंच निमित्त हातात आणून दिलं. मी तोंड लांब करून म्हटलं, “ह्याच्यात केबल बसली तरी काही येणार नाही. पितळ हिरवं पडलंय. आणि मशीन चालू आहे, पाणी-स्पिरिट लावता येत नाही. सुई घातली तर शॉर्ट होईल.”

“म्हणजे?” अभिनंदनचा चेहरा उतरला.

“अवघड आहे.”

तोवर आप्पा गेले होते. परत आले ते हातात खराट्याच्या काड्या आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन. “लाकडानं शॉर्ट हुत न्हाई,” असं म्हणत ते झाकणापुढं उकिडवे बसले आणि एकेका भोकातलं कुंकू उकरायला लागले. माझं निमित्त माझाच बाप खराट्याच्या काडीनं काढून टाकत होता.

मी दुसरं काढलं. “साहेब, अजून एक आहे. केबल लावायची तर नियमानं मशीन बंद पाहिजे. चालू मशीनला लावली आणि दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक निघाला, तर मशीनचं कार्ड जळू शकतं.”

हे मात्र मी खोटं बोलत नव्हते. पेच खराच होता : केबलीसाठी मशीन बंद हवं, आणि मशीन बंद केलं की सगळं पुसलं जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

अभिनंदननं विचारलं, “जळलं तर?”

“मग दुरुस्तीही मोठी.”

“लावू द्या की मालक,” आप्पा मान वर न करताच म्हणाले. “चार्जर काढला की लॅपटॉपचा भिताडाशी संबंध ऱ्हात न्हाई, मग धोका कमी, असं ह्या मॅडमच परवा... म्हंजे असं म्हनत्यात लोक.”

मी त्यांच्याकडे रोखून बघितलं. हे मीच त्यांना दिवाळीत सांगितलं होतं, फराळाच्या ताटावर. पण अभिनंदनचं तिकडं लक्षच नव्हतं. तो म्हणाला, “मी त्या वायरमनला गाठतो. अर्धा तास तरी थांब म्हणतो. तुम्ही लावा मॅडम, जबाबदारी माझी.” आणि मोटरसायकलला किक मारून तो गेला.

आवाज लांब गेल्यावर आप्पांनी काडी थांबवली नाही, पण आवाज बदलला. “चल उजू. हुतंय आता. लाव.”

“मी लावणार नाही.”

“काय झालं?”

“आप्पा, तो तुम्हाला काढणार आहे. हे सगळं कॉम्प्युटरमध्ये आलं की तुम्ही घरी. काल त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं.”

ते पुढचं भोक उकरत म्हणाले, “म्हाईत हाय.”

“माहीत आहे? आणि तरी तुम्ही खराटा घेऊन बसलाय?”

“तुझ्या नाव-नंबराचं कार्ड त्याच्या टेबलावर कुनी ठेवलं असंल? आपोआप उडत गेलं व्हय? माझी पोरगी म्हनून कळलं असतं तर त्यानं तुला बोलावलंच नसतं.”

माझा पारा चढला. “वेड लागलंय का तुम्हाला? स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय! मी सांगते ते ऐका. हा लॅपटॉप मी मिटते. थोड्या वेळात लाईट जाईल. मेमरी कोरी होईल. मग येऊ दे त्याला तुमच्या दारात. हे सगळं परत लिहायला तुमच्याशिवाय आहे कोण?”

“आन मला न्हाई लिवता आलं तर?”

“का नाही येणार?”

आप्पांनी काडी खाली ठेवली. बनियनच्या चिंधीला हात पुसायला लागले आणि बराच वेळ पुसतच राहिले.

“ती कोपऱ्यातली पंपाची बॉडी बघ,” ते म्हणाले. “तिचा प्रोग्राम मी लिवलाय. हजारांनी नग काढलं असतील. गेल्या महिन्यात त्यात एक आकडा बदलाय गेलो, आन ती ओळ कशासाठी लिवली हुती तेच आठवंना. खालची बी न्हाई. वरची बी न्हाई. पडद्याफुडं नुसता हुबा.”

“वय झालं की होतं असं, आप्पा. मी पण विसरते.”

“फुडचं ऐक. मागल्या बुधवारी घरी जाताना बिंदू चौकात सायकल धरून थांबलो. कुठनं वळायचं ते कळंना. रोजचा रस्ता गं! एका पानवाल्याला इचारलं, सुतारमाळ कुठं? तो हसाय लागला. म्हनला, मामा, आज लवकर घेतली जनू. तुझ्या आईला सांगितलं, पंक्चर काढत हुतो.”

मी कच्च्या मालाच्या पेटीवर बसले. आप्पा विसरतात हे आम्हाला दिसत होतं, पण आम्ही त्याची चेष्टा करायचो. चष्मा कपाळावर आणि शोधतायत घरभर, म्हणून धाकटी त्यांची नक्कल करायची आणि तेही हसायचे. त्या हसण्यामागं ते एकटेच भीत होते, हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

“डॉक्टरला...”

“बघू ते मागनं. आत्ता हे बघ.” त्यांनी मशीनच्या पत्र्यावर पंजा ठेवला. “ह्यात हाय तोवर हाय. माझ्यात आता न्हाई. हे पुसलं तर तू म्हनतीस तसा तो माझ्याच दारात येनार. आन दोन दिवसांत सगळ्यांना कळनार की सुताराच्या डोक्यात काय ऱ्हायलं न्हाई. वर चौदा जनांच्या चुली बंद. ऑर्डरी काय थांबत्यात व्हय?”

“आणि तुम्हाला काढलं तर?”

“काढू दे की! कंप्युटर आला, सुताराला घालवला, म्हनतील. त्यात काय लाज हाय? लई जनांचं झालंय. पन सुतार भ्रमिष्ट झाला म्हनून घरी बसवला, असं म्हनाय लागलं तर ह्या उद्यमनगरातनं मी मान वर करून जानार कसा? आन धाकटीचं अजून ठरायचं हाय. बाप असला म्हटल्यावर कोन दारात हुबं ऱ्हाईल?”

डोळे भरून आले होते आणि त्या माणसाला रडण्याचा कंटाळा होता.

“कुनाला सांगायचं न्हाई,” ते म्हणाले. “तुझ्या आईला पन न्हाई. ती मनात ठेवायची न्हाई. शब्द दे.”

“दिला.”

“मग रडत काय बसलीस? लाव ती तार. माझ्यापायी आधीच येळ घालवलास.”

तो वेळ मला आता टोचायला लागला. मगाशी मल्टीमीटर घेऊन केलेली सोंगं, उगीच विचारलेले प्रश्न, सगळं. मी उठले. चार्जर उपटला. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, अर्धा-पाऊण तास तग धरायची. केबलचं एक टोक लॅपटॉपला लावलं आणि दुसरं हातात घेऊन झाकणापुढं बसले. कुंकवानं सॉकेट अजून लालच होतं, पण भोकं मोकळी दिसत होती. कुलदेवतेचं नाव घेतलं. आप्पा कान देऊन पंख्याचा आवाज ऐकत होते.

केबल आत बसली. ठिणगी नाही, वास नाही. पंखा होता तसाच फिरत राहिला.

“हं,” आप्पा म्हणाले.

“आता पॅनेलवर सेटिंगचा पडदा आणा. पाठवायचा वेग भरायचा आहे.”

ते पॅनेलपुढं गेले. बोट उचललं आणि तसंच हवेत ठेवलं. एका बटणाकडे गेले, तिथून दुसऱ्याकडे. अकरा वर्षं ज्या बटणांवरचा रंग त्यांच्या बोटांनी घासून काढला होता, ती बटणं ते नव्यानं वाचत होते. मगाशी ऐकलं होतं, आता डोळ्यांनी बघितलं. ऐकण्यापेक्षा बघणं फार वाईट.

“मी सांगते आप्पा, तुम्ही फक्त दाबा,” मी म्हटलं. माझ्याकडं त्या जातीच्या मशीनच्या माहितीपत्रकाची झेरॉक्स होती. “वरच्या ओळीत उजवीकडचं. हं. आता खाली बाण. अजून एकदा. आता आकडा भरा.”

ते एखाद्या शाळकरी पोरासारखे एकेक दाबत गेले. मी लॅपटॉप ऐकायच्या तयारीत ठेवला. “आता सगळे प्रोग्राम पाठव म्हणायचं. उणे नऊ नऊ नऊ नऊ. आणि ते डावीकडचं बटण.”

त्यांनी दाबलं. माझ्या पडद्यावर अक्षरं धावायला लागली. नुसता कचरा होता. चौकोन, प्रश्नचिन्हं, उलट्या सुलट्या रेघा.

“आलं का?”

“चुकीचं येतंय. थांबवा. थांबवा आप्पा, लाल बटण!”

दोन्हीकडच्या वेगाचा मेळ बसत नव्हता, किंवा कुठल्यातरी भोकात कुंकू अडकलं होतं. दोन्हीपैकी कुठलं हे शोधायला वेळ नव्हता. मी वेग निम्म्यावर आणला, आप्पांना मशीनवर तसाच भरायला सांगितला. केबल काढून पुन्हा घट्ट दाबली आणि स्क्रू आवळले. घाईत स्क्रू दोनदा निसटला. आप्पांनी माझ्या हातातून पेचकस घेतला आणि शांतपणे फिरवला. ते हात अजून काही विसरले नव्हते.

“दाबा.”

या वेळी ओळी आल्या. स्वच्छ, सुरेख, एकाखाली एक. प्रोग्रामचा नंबर, मग हत्याराचा, मग माप. निम्म्या वेगामुळं गाडा रखडत चालला होता, पण चालला होता.

आप्पा माझ्या खांद्यावरून वाकून नंबर वाचत होते. “ही पुली. ही व्हॉल्व्हची बॉडी, मोठी. ही...” ते थांबले. “ही कुठली गं?”

“मला काय माहीत आप्पा?”

“व्हय. तुला कसं म्हाईत असनार.”

बाहेर मोटरसायकल थांबली. अभिनंदन धावतच आत आला, शर्ट घामानं चिकटलेला. “वायरमन खांबावर चढला! चहा पाजला, तंबाखू मळून दिली, काय ऐकत नाही. साहेबाची ऑर्डर म्हणतोय. किती राहिलंय मॅडम?”

“निम्मं.”

“आईशप्पथ,” असं म्हणून तो मटकन खाली बसला आणि देव पाण्यात घालून बसल्यासारखा डोळे मिटून पुटपुटायला लागला. त्याचीही मला तेव्हा दया आली. पंचविशीतला पोरगा, बाप जाऊन वर्ष झालेलं, डोक्यावर चौदा माणसं.

ओळी येत राहिल्या. मध्येच क्षणभर थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या. लॅपटॉपची बॅटरी संपत आल्याचा टुंईं आवाज आला आणि अभिनंदन दचकून उभा राहिला. मी हातानंच त्याला खाली बसवलं. चार्जर लावायची माझी छाती नव्हती.

मग टक्क्याची खूण आली. प्रोग्राम संपले की जुनी मशीनं ती पाठवतात. मी फाईल जतन केली, पुन्हा एकदा केली, आणि आप्पांना म्हटलं, “मामा, आता मशीनच्या सेटिंगचे आकडे. तिसऱ्या पानावर जा.” ते चालू झाले, दोन पडदे भरून आकडे आले, आणि लाईट गेली.

पंख्याचा आवाज खाली खाली येत थांबला. हिरवा पडदा मधल्या एका ठिपक्यात गोळा झाला आणि विझला. आप्पांनी पत्र्यावरचा हात उचलला नाही.

“आले का?” अभिनंदननं विचारलं.

“प्रोग्राम सगळे आले. सेटिंगचे अर्धे राहिले, ते कंपनीच्या यादीवरून भरता येतील.”

अभिनंदननं मला हात जोडले, मग आप्पांना मिठीच मारली. “मामा, वाचलो!” आप्पा त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाले, “व्हय मालक. मॅडम हुशार हायत.”

पंधरवड्यानं नवीन कार्ड आलं. मी जाऊन सगळे प्रोग्राम परत मशीनमध्ये सोडले आणि पहिला नग मापात निघाला. पुढच्या महिन्यात आयटीआयचा एक मुलगा आला. त्यानंतर आप्पांना शाल, श्रीफळ आणि चार गोड शब्द देऊन घरी पाठवलं. अभिनंदन वाईट माणूस नव्हता, निरोप नीट दिला त्यानं. पण असल्या गोष्टी कोल्हापुरात झाकून राहत नाहीत. ती कॉम्प्युटरवाली मेस्त्री म्हणजे सुतारमामांचीच पोरगी, हे आठवड्याभरात सगळ्या उद्यमनगरात झालं.

मग काय विचारता! बापानं शिकवली, पोरीनं बापाच्याच पोटावर पाय दिला. चार पैशांसाठी सख्खा बाप बघितला नाही. भावकीतल्या एका लग्नात काकांनी भर पंगतीत विचारलं, “काय उज्ज्वला, आता कुणाची नोकरी खायची ठरवलीस?” सगळे हसले. आप्पा पलीकडच्या पाटावर होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे एकदा बघितलं आणि जिलबी मोडायला लागले. त्या एका बघण्यावर मी ती पंगत निभावली. आई मात्र तेव्हापासून माझ्याशी धड बोलली नाही. माहेरी गेले की माझ्यापुढं चहाचा कप आपटून ठेवायची. धाकटीचं लग्न चांगल्या घरी झालं, आणि त्या वेळी पाहुण्यांना सांगायला कारण तयार होतं : कॉम्प्युटर आल्यामुळं लवकर निवृत्ती.

आप्पांचं विसरणं हळूहळू वाढलं. घरी बसून डोकं चालेना, रिकामपणानं असं होतं, असं लोक म्हणायचे. त्याचाही बोल मलाच.

पुढं काही वर्षांनी एकदा माहेरी गेले होते. आप्पा सोप्यात कॉटवर बसलेले, गल्लीतले कुणी गृहस्थ त्यांना भेटायला आलेले. मला बघून आप्पा त्यांना म्हणाले, “ही माझी थोरली. हिनंच माझी नोकरी घालवली बघा. तार लावून सगळं काढून घेतलं.”

मी हसून त्यांच्याकडे बघितलं. आमच्या दोघांतली ती खूण शोधत होते मी, पंगतीतली. ती नव्हती. ते खरंच रागावले होते.

ते गृहस्थ गडबडीनं उठून गेले. मी कॉटजवळ खाली बसले. सांगावं का त्यांना सगळं, असं वाटून गेलं. पण सांगितलं असतं तर काय सांगितलं असतं? तुम्ही विसरायला लागला होता म्हणून?

“चुकलं माझं, आप्पा,” मी म्हटलं.

ते रस्त्याकडं बघायला लागले. राग निवत गेला. मग त्यांनी माझ्याकडं वळून, कामातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, “आलं हुतं का पन सगळं? काय ऱ्हायलं न्हाई न्हवं मशीनीत?”

“सगळं आलं.”

“पंपाची बॉडी?”

“ती पण आली.”

“मग असू दे,” ते म्हणाले.

आतून आईनं माझ्यापुढं चहा आणून आपटला.